एस्टीमचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, इंजिन उतरवायचं का?

चिखलवाट (पुणे):

नमस्कार मंडळी. गाडी २००१ची मारुती एस्टीम, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. वर्षाला चार-पाच ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) आणि पावसाळ्यात एखादी टीएसडी रॅली (ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या वेगाने अंतर कापायची) एवढाच आमचा मोटरस्पोर्ट. ट्रेलर परवडत नाही. गाडी स्वतःच्या चाकांवर जाते आणि तशीच घरी येते, त्यामुळे इंजिनाचा प्रश्न आला की जीव टांगणीला लागतो.

गेल्या महिन्यात सातारच्या बाजूला निघालो होतो. खंबाटकी चढून उतरलो, आनेवाडी टोलला रांगेत थांबलो आणि आयडलला ऑइलचा लाल दिवा मिणमिणला. जरा रेस दिली की विझायचा. डिपस्टिक काढून पाहिली, ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. तिथूनच हळूहळू परत आलो, स्पर्धा सोडली.

घरी आल्यावर इलेक्ट्रिक गेज बसवला. धाकटा भाऊ डाव्या सीटवर असतो, त्याने वहीत आकडे लिहिले. सगळे पीएसआयमध्ये:

थंड इंजिन, आयडल – ६०च्या वर
अर्धा तास पळवून, आयडल – ८
गरम, ३००० आरपीएम – ३०
गरम, ५५०० – ३८
गरम, ६०००च्या पुढे – काटा उलटा ३०वर येतो आणि थरथरतो

मोकळ्या मैदानात डावीकडे लांब लूप मारला तर १५पर्यंत खाली जातो, सरळ झालो की वर येतो.

ऑइल २०डब्ल्यू५० (घट्ट ग्रेडचं), बदलून जेमतेम ८०० किलोमीटर झालेत. खालून ठकठक नाही, धूर नाही. दोन वर्षांपूर्वी चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइल साठवणारी ट्रे) एका दगडावर आपटलं होतं. तेव्हा गळती थांबवण्यासाठी एका गॅरेजने ते काढून, ठोकून, सिलिकॉन लावून परत बसवलं.

आमचे मिस्त्री म्हणतात, बेअरिंग गेलं, इंजिन उतरव, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ग्राइंड कर. खर्च ऐकून घरात अजून बोललेलो नाही. गरज असेल तर करीन, पण नक्की काय बिघडलंय ते न कळता करायचं नाहीये. पुढे काय तपासू?


वेगवेडा (ठाणे):

इंजिन इतक्यात उतरवू नकोस रे. जुन्या गाड्यांत गरम आयडलला प्रेशर कमी असतंच. माझ्या गाडीत ऑइल घट्ट करणारं अॅडिटिव्ह टाकतो, दिवा परत कधी लागला नाही. आधी फिल्टर कापून बघ. मी हॅक्सॉने कापतो. आत चुरा दिसला तर मात्र मिस्त्री बरोबर आहेत.


उद्यमनगर (कोल्हापूर):

भावा, आधी एक चांगली गोष्ट सांगतो. तू आकडे लिहून घेतलेस. माझ्याकडे येणारी दहातली नऊ माणसं "प्रेशर कमी आहे" एवढंच सांगतात. किती, कधी, किती आरपीएमला, ऑइल किती तापलेलं असताना, यातलं काहीच ठाऊक नसतं. मी लेथ आणि इंजिनांच्या कामात तीस वर्षं आहे. तुझ्या वहीवरून मला एक सोडून दोन दुखणी दिसतात, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे तुझा मिस्त्री एकाच्याच मागे लागलाय.

पंप प्रेशर बनवत नाही. पंप ऑइल ढकलतो, आणि ढकललेल्या ऑइलला वाटेत जो अडथळा होतो तो गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. बेअरिंगमधली फट वाढली की अडथळा कमी होतो. ही फट दुप्पट झाली तर तिच्यातून निसटणारं ऑइल दुप्पट होत नाही, आठपट होतं. ऑइल तापून पातळ झालं की त्यात भर. म्हणून झिजलेल्या बेअरिंगची खूण ठरलेली आहे: थंडीत छान, गरम आयडलला मार खातं, पण रेस वाढेल तसं प्रेशर चढत जातं, कारण पंपही जोरात फिरतो. तुझे आयडल ते ५५०० हे आकडे या गोष्टीशी जुळतात.

पण ६०००च्या पुढे काटा उलटा येतो, ते बेअरिंगचं काम नव्हे. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकला असता तर काटा एका आकड्यावर चढून तिथेच बसला असता. मागे येऊन थरथरतो म्हणजे पंपाला खालून ऑइल पुरत नाही, हवा ओढतोय. लूपमध्ये १५वर जातो तेही त्याच घरचं. आणि तूच लिहिलंयस की चेंबर आपटलं होतं, ठोकून परत बसवलं होतं. स्ट्रेनरची जाळी, म्हणजे पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती, चेंबरच्या तळापासून थोडीच वर असते. तळ आत दबला तर हळू रेसला पुरेल एवढं ऑइल आत जातं, जोरात ओढलं की उपाशी. शिवाय आत लावलेलं जादा सिलिकॉन सुटून जाळीवर शेवयांसारखं बसतं. हे मी स्वतःच्या हाताने किती गाड्यांतून उपसलंय याची गणती नाही.

म्हणून या क्रमाने जा.

पहिल्यांदा गेजवर विश्वास ठेवू नकोस. कुणाकडून तरी यांत्रिक गेज आण, प्रेशर स्विचच्या जागी लाव. तिथला आटा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचा) आहे, २८ टीपीआयचा, म्हणजे इंचाला २८ वेढे. बाजारात मिळणारे बरेच अॅडॅप्टर एनपीटीचे (अमेरिकन मापाचे) असतात, २७ टीपीआय. दोन वेढे सहज जातात आणि मग जड होतात. तिथे जोर लावलास तर अॅल्युमिनिअमचा ब्लॉक गेला. आणि इलेक्ट्रिक गेजचा सेंडर (सेन्सर) थेट ब्लॉकवर लटकवू नकोस, व्हायब्रेशनने तो मुळातून तुटतो. होज काढून बॉडीवर बसव.

डिपस्टिकचा वास घे. स्पर्धेच्या गाड्या रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतात, थोडं थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि २०डब्ल्यू५०चं पाणी होतं. वास आला तर ऑइल बदलून आकडे परत लिही, त्यानंतरच पुढची पायरी.

फिल्टर कापायचाच, पण हॅक्सॉने नको. हॅक्सॉचा आणि डब्याचा पत्र्याचा चुरा आतच पडतो आणि माणूस उगाच घाबरतो. चाकाचा कटर मिळतो तो वापर. कागद उलगडून उन्हात धर, मग चुंबक फिरव. चुंबकाला न चिकटणारे चमकदार बारीक पापुद्रे म्हणजे बेअरिंगचा माल. त्यात तांबूस रंग दिसला तर वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय.

मग चेंबर काढ. इंजिन उतरवायची गरज नाही. सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि क्लच हाउसिंगखालची पट्टी सोडवावी लागते, एवढंच. खालूनच बिगेंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगच्या) कॅप उघडून प्लॅस्टिगेजने (दाबून चपटी होणारी मापाची बारीक तार) फट मोजता येते. मिस्त्रींना सांग, मोजल्याशिवाय क्रँकला हात लावायचा नाही.

अॅडिटिव्हबद्दल ठाण्याच्या दादांना एवढंच सांगीन की राग मानू नका. दिवा विझला म्हणजे प्रेशर आलं असं नाही. बहुतेक गाड्यांत हा स्विच ०.३ बारच्या आसपास, म्हणजे चार-पाच पीएसआयला काम करतो. ६००० आरपीएमला प्रेशर तिथपर्यंत पडेतो बेअरिंग क्रँकला चिकटलेलं असतं. आणि जाळीवर अडलेल्या इंजिनात ऑइल आणखी घट्ट केलं तर ते ओढणं पंपाला आणखी जड जाणार.


नाशिकची_नॅव्हिगेटर:

काकांच्या यादीत एक भर. आमच्या गाडीत चेंबरला पोचाही नव्हता, तरी दबलं होतं. चेंबर गार्डच एका चढावर वर वाकला आणि चेंबरला चिकटून बसला. मधे पाटीची जाडी जाईल एवढं तरी अंतर हवं. शिवाय सलग पत्र्याचा गार्ड असेल तर चेंबरला हवा लागत नाही, ऑइल तापतं. आम्ही मागच्या बाजूला भोकं पाडून घेतली आणि ऑइल टेंपरेचरचा गेज लावला. प्रेशरचा आकडा तापमानाशिवाय अर्धवट आहे, हे आम्हाला तो लावल्यावरच समजलं.


चिखलवाट (पुणे):

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार गेले, पण आता लिहिण्यासारखं काही हातात आहे.

यांत्रिक गेजवर गरम आयडल १२ आलं, ८ नाही. म्हणजे माझा इलेक्ट्रिक गेज चार कमी दाखवत होता. ६०००नंतरची घसरण मात्र दोन्ही गेजवर तशीच. पेट्रोलचा वास नाही. फिल्टरच्या कागदावर पापुद्रे होते, चुंबकाला न चिकटणारे, चिमूटभरही नाहीत, पण होते.

चेंबर काढलं. जाळीचा जवळपास एक तृतीयांश भाग सिलिकॉनच्या तारांनी भरला होता. मग काकांना फोन केला तेव्हा त्यांनी जी युक्ती सांगितली ती इथे लिहून ठेवतो. आईकडून कणकेचा लिंबाएवढा गोळा आणला, जाळीखाली तेल लावून चिकटवला, चेंबर वर धरून चार बोल्ट आवळले आणि परत काढलं. कणीक पापडासारखी चपटी झाली होती. सुरीने कापून व्हर्निअर लावला, ३ मिलिमीटर. एवढ्या फटीतून माझं इंजिन ६५०० आरपीएमला ऑइल ओढत होतं.

स्ट्रेनर पंपाला जिथे जोडतो तिथली ओ-रिंगही काढली. नवी गोल आणि मऊ असते. ही चपटी, कडक, नखाने दाबली तर तडकली. तिथूनही हवा जात असणार.

बिगेंड मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा ०.०५ मिलिमीटरच्या आत. तिसरा ०.०७, आणि त्याच्या वरच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पातीवर) बोटाच्या पेराएवढा तांबूस डाग. मिस्त्रींनी तो शेल हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि स्वतःच म्हणाले, क्रँकला काही झालेलं नाही, ग्राइंड करायचं कारण नाही. पिनवर नख फिरवलं, कुठेही अडकलं नाही. चारही बिगेंडला स्टँडर्ड मापाचे नवे शेल टाकले. पंपाच्या रोटरवर ओरखडे होते, टायमिंग बेल्ट तसाही बदलायचा होता, म्हणून पंपही नवा घातला. मेन बेअरिंगला (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) हात लावला नाही.

चेंबर आतून ठोकून सरळ केलं, कणकेने परत मोजलं तर ९ मिलिमीटर. जाळीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करून घेतले, तळाशी ऑइल परत यायला खाच ठेवली. वेल्डिंगचे मणी सुटून आत राहू नयेत म्हणून डिझेलने तीनदा धुतलं. पॅकिंग नवं, सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना, तेही बाजरीच्या दाण्याएवढं. गार्ड आणि बॉडीच्या मधे वॉशर घालून तो १५ मिलिमीटर खाली आणला.

काल त्याच रस्त्याने अर्धा तास पळवून भावाने परत आकडे लिहिले, यांत्रिक गेजवर:

गरम आयडल – १८
३००० – ४२
५५०० – ५५
६५०० – ५८, काटा स्थिर
डावा लूप – ४०च्या खाली गेला नाही

काका, १८ गरम आयडल म्हणजे मेन बेअरिंगही थोडी झिजली असावीत असं मला वाटतं. या मोसमापुरती चालवू का? ऑइल टेंपरेचरचा गेज मागवलाय. आणि डॅशवर २० पीएसआयला पेटणारा वेगळा मोठा लाल दिवा लावतोय, भावाच्या समोर. गाडी चालवताना माझं लक्ष गेजकडे नसतं. गरम आयडलला तो पेटेलच, पण रेस असताना पेटला की त्याने फक्त "बंद" म्हणायचं आणि मी चावी फिरवायची, एवढं आमचं ठरलंय.


उद्यमनगर (कोल्हापूर):

चालव. ५००-६०० किलोमीटरवर फिल्टर परत काप. नव्या शेलचा थोडा माल दिसेल, तो धरू नकोस. त्यानंतरच्या फिल्टरमध्ये काय दिसतं ते मला कळव. तांबूस आलं तर मोसम थांबवून मेन उघडायची. नाही आलं तर दिवाळीनंतर निवांत बघू. आणि जुना तिसरा शेल टाकून देऊ नकोस, कोल्हापूरला येशील तेव्हा घेऊन ये. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना दाखवायचाय.