आंबोलीची सहल: वार बदलायचा का?

सेक्रेटरी: आंबोली नक्की. शनिवारी पहाटे निघू, रविवारी धबधबा करून रात्री रत्नागिरीत. नावं द्या.

बी-३०१ वहिनी: पावसाळ्यातला रविवार? धबधब्यार पाणी कमी नि माणसां जास्त दिसतली! माझं माहेर सावंतवाडी, माझं ऐका. मंगळ-बुध करा.

ए-२०४: मंगळवारी रजा कोण देणार वहिनी?

बी-३०१ वहिनी: मॅचला बरी मिळते भावजी! आणि धबधबा म्हणजे आंबोली नव्हे. रात्री टॉर्च घेऊन तिथल्या जाणकार गाईडबरोबर फिरायचं. पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचा पांढरा गोळा चिकटलेला दिसतो, ते उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून थेट खालच्या डबक्यात टपकतात.

ए-१०२ काकू: बेडूक बघायला आंबोलीपर्यंत? आपल्या पार्किंगमध्ये काय कमी आहेत? 😀

बी-३०१ वहिनी: आंबोली टोड नाही ना काकू! तो तिथल्याच परिसरात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सापडतो, नवी जात म्हणून नोंद २००९ ची. तिथल्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातल्या माशाची नोंद तर २०२० ची. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तेव्हा कुंडात पाय बुडवणं, माशांना पाव टाकणं बंद.

सी-४०२: साप?

बी-३०१ वहिनी: चापडा असतो, विषारी. फांदीवर गप्प पडून राहतो, आपण हात लांब ठेवायचा.

सी-१०३ आजोबा: वाटेत कुडाळच्या पुढे पिंगुळीला थांबा. ठाकर समाजाची चित्रकथी तिथली. पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि रामायण-महाभारतातली कथा गात सांगतात. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री याच कलेसाठी. त्यांनी उभं केलेलं कला आंगण हे संग्रहालय बघा, पण फोन करून जा. सेल्फी काढून पळायचं असेल तर गाडी थांबवूच नका.

ए-२०४: दशावतार पण जमेल का आजोबा?

सी-१०३ आजोबा: भर पावसात? दशावतारी नाटकं जत्रांत होतात, आणि जत्रा कार्तिकात सुरू होतात. तेव्हा वेगळी गाडी काढा, मी येतो. रात्रभर बसायची तयारी हवी मात्र.

ए-१०२ काकू: मंगळ-बुध चालेल, पण आषाढातच. श्रावण लागला की आमच्या ह्यांना कोंबडी-वडे बंद, मग वाटभर तोंड पाडून बसतील.

सेक्रेटरी: ठीक, पुढचे मंगळ-बुध. पिंगुळीला फोन मी करतो. गाईड वहिनींनी बघायचा. जळवांसाठी मीठ ज्याचं त्याने आणा.

ए-२०४: आमची चार नावं लिहा. साहेबांना काय सांगायचं ते ग्रुपने सुचवा. आजी आजारी हे कारण वापरून झालंय.