कमी उजेडात छोटा कॅमेरा: फ्लॅश आणि फोकसचं काय करू?

पहाटवारा
खिशात मावणारा जुना डिजिटल कॅमेरा आहे. दिवसा फोटो झकास येतात. संध्याकाळी घरात काढले की एक तर सगळं धूसर, नाहीतर चेहरे पांढरेफटक आणि मागे काळाकुट्ट अंधार. धावणाऱ्या लेकीचे तर विचारूच नका. बटण दाबलं की पुढे नारिंगी दिवा लागतो, तोच फ्लॅश का? ('मोबाइल वापर' हा सल्ला मिळून झालाय.)

काजवा
नाही, तो फोकसच्या मदतीचा दिवा. असे कॅमेरे सहसा कडांचा ठळकपणा बघून फोकस जुळवतात. अंधारात कडाच दिसत नाहीत, म्हणून आधी थोडा उजेड टाकतात. दोन-तीन मीटरपलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. कॅमेरा धरताना बोट त्यावर येत नाही ना, ते बघा. मी सहा महिने बोट ठेवून कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो.

बटण अर्धं दाबा, चौकट हिरवी झाली की मगच पूर्ण. होत नसेल तर साध्या शर्टावर न रोखता कॉलर, चष्म्याची फ्रेम असं काही पकडा आणि बटण अर्धं दाबलेलंच ठेवून कॅमेरा हवा तसा वळवा. लेक जिथून पळत जाणार तेवढ्याच अंतरावरच्या खुर्चीवर आधीच फोकस धरून ठेवलात तर आणखी बरं. आणि फुलाचं चिन्ह, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीचा मॅक्रो मोड, चालू राहिलंय का?

घुबड
फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड पावच उरतो. चेहरा पांढरा, भिंत काळी ती त्यामुळे. दोन पावलं मागे सरा, पण झूम लावू नका. झूमला भिंग एफ २.८ वरून एफ ५.६ वर गेलं (एफचा आकडा मोठा, तितकं भिंगाचं छिद्र लहान) तर आत येणारा उजेड पाव होतो, फ्लॅशचा पल्ला निम्मा. फोटो नंतर कापता येतो.

पहाटवारा
डोळे लाल येतात म्हणून रेड-आय चालू ठेवलंय. चालेल ना?

काजवा
बंद करा! बाहुल्या आकसाव्यात म्हणून आधी उजेड पडतो आणि खरा फोटो जवळपास सेकंदभराने निघतो. तोवर लेक पसार. लालपणा संगणकावर घालवता येतो.

सावलीतला
मी फ्लॅश बंदच ठेवतो. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००, कॅमेरा टेबलावर, दोन सेकंदांचा टायमर. दाणे दिसतात, पण चेहरा माणसाचा वाटतो.

घुबड
बसलेल्या आजोबांसाठी उत्तम. धावत्या पोरीचा १/१५ सेकंदात नुसता ढग होईल. फ्लॅशचा लखलखाट साधारण हजारांश सेकंदाचा, त्यामुळे ती त्यातच गोठते. मागची खोलीही दिसायला हवी असेल तर नाइट पोर्ट्रेट मोड आहे. त्यात फ्लॅश पडूनही शटर उघडं राहतं, म्हणून समोरच्याला 'झालं' म्हणेपर्यंत हलू देऊ नका. लेकीला हे सांगून बघा, शुभेच्छा.

पहाटवारा
बोट नव्हतं, मॅक्रोच चालू होता! कधीपासून, देव जाणे. रेड-आय बंद केल्यावर वीसपैकी सात फोटो धड आले. भिंत अजून काळपटच. उद्या खोलीतले सगळे दिवे लावून बघते.