मदत हवी आहे: बीओडीच्या (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) उदाहरणात ३ दिवस की ५ दिवस?

नमस्कार. एम.एस्सी.च्या पर्यावरण रसायनशास्त्राची सराव उदाहरणे सोडवताना एका ठिकाणी अडलो आहे, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

५ मिली सांडपाणी ३०० मिलीच्या बाटलीत विरल केले असून, विरघळलेला ऑक्सिजन २० अंश सेल्सिअसला ५ दिवसांत ८.२ वरून ३.६ मिग्रॅ प्रतिलिटरवर येतो. ४.६ ची घट गुणिले ६० (विरलनाचे प्रमाण, ३०० भागिले ५) म्हणजे ५ दिवसांची बीओडी २७६ मिग्रॅ प्रतिलिटर, इथपर्यंत शंका नाही. मात्र पुढे भारतीय मानकाप्रमाणे २७ अंशांवरील ३ दिवसांची बीओडी विचारली आहे आणि उत्तरसूचीत पुन्हा २७६ च छापले आहे.

२० अंशांचा दर स्थिरांक (विघटन किती वेगाने होते ते सांगणारा) ०.२३ प्रतिदिन (नैसर्गिक लॉगरिदमचा, १० पाया घेतल्यास तोच ०.१ होतो, आणि पुस्तके हे सांगण्याची तसदी क्वचितच घेतात) आणि तापमान गुणांक (दर अंशाला स्थिरांक जितक्या पटीने वाढतो तो) १.०४७ धरला, तर २७ अंशांना स्थिरांक सुमारे ०.३१७ येतो. २७६ वरून काढलेली अंतिम बीओडी (पूर्ण विघटनाला लागणारा एकूण ऑक्सिजन) ४०४ धरून ३ दिवसांचे उत्तर २४८ च्या आसपास मिळते.

दोन्ही चाचण्या ढोबळमानाने समतुल्य मानतात हे मान्य, पण स्थिरांक दिलेले असताना परीक्षेत २४८ लिहावे की २७६? शिवाय अंतिम बीओडी तापमानानुसार बदलत नाही, हे माझे गृहीतक येथे चालेल का?