गावचं घर बंद असतं, चोरी झाली. कॅमेरे लावू की अलार्म, का दोन्ही नको?

ओटीवरचा_झोपाळा

मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून आत वाडीत. जुनं घर, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी-पडवी, मागे न्हाणीघर आणि त्याच्या बाजूने परसात जायचं दार. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे ठाण्याला आली तेव्हापासून घर वर्षातले दहा महिने बंदच, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच जाणं होतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन आला की तुमचं मागचं दार उघडं दिसतंय रे. रात्रीच्या गाडीने गेलो तर कुलूप शाबूत, कोयंडाच उचकटलेला, कडी कुलपासकट लोंबतेय. आजीचं तांब्याचं घंगाळ, पितळेचे दोन हंडे, विहिरीवरचा पंप आणि समई गेली. देवांना हात लावला नाही, फक्त समई नेली, वात खाली काढून ठेवलेली. पैशात मोजलं तर फार नाही पण आई तेव्हापासून रात्री दोनला उठून बसते, म्हणते मी मागचं दार लावलं होतं ना रे.

इथल्या दुकानदाराने ८ कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारा डबा), वायरिंग असं कोटेशन दिलंय. पण वाडीत ब्रॉडबँड नाही, मोबाईलला एकाच कंपनीची रेंज आणि तीही ओटीवरच, माजघरात गेलं की गुल. पावसात लाईट गेली की कधी कधी दीड दिवस येत नाही. बजेट २०-२५ हजार. काय करावं?

वायरवाला_चिपळूण

दादा मी हेच काम करतो म्हणून आधी एक विचारतो, निघताना मेन स्विच पाडून जाता का? कारण निम्मे चाकरमानी तेच करतात. कॅमेरे हौसेने बसवून घेतात आणि निघताना आई म्हणते मेन पाड रे, की झालं, मग मला फोन की तुमचा माल ऑफलाईन गेला.

८ कॅमेरे विसरा. डीव्हीआर म्हणजे घरभर वायर आणि कोकणात वायर म्हणजे विजेला आमंत्रण. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात जो गडगडाट होतो त्यात एकदा बाहेरच्या वायरीतून झटका आत आला की डीव्हीआर, अडाप्टर, दोनतीन कॅमेरे एका दमात जातात, असे माझ्याकडे पोत्याने पडलेत. शिवाय तो डीव्हीआर चोराच्या हाती लागला की रेकॉर्डिंगपण घंगाळाबरोबर गेलं.

तुमच्याकडे ओटीवर रेंज आहे ना, मग सिमकार्डवाला ४जी कॅमेरा घ्या, दोनच. एक पडवीत, एक मागच्या दारावर, पण मागे आधी मोबाईल धरून दहा मिनिटं उभे राहा, रेंज येत नसेल तर तिथे ४जी कॅमेरा लावून उपयोग नाही. मग ओटीवर सिमचा राऊटर ठेवून मागे वायफाय कॅमेरा करावा लागेल, मातीच्या जाड भिंतीतून वायफाय जेमतेम जातं म्हणून राऊटर खिडकीत ठेवा.

लाईटचं असं करा. कॅमेरा आणि राऊटर दोघांना मिळून खायला लागतं किती, १२-१५ वॅट. त्याला मोठा इन्व्हर्टर नको, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो काही तास काढतो. दीड दिवस काढायचा तर सोलर बॅटरीवाला कॅमेरा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, ईएलसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाईन तोडणारा स्विच! वीज कडाडली, कुठे ओल आली की ईएलसीबी पडतो आणि बंद घरात तो परत चढवणार कोण? कॅमेऱ्याची लाईन वेगळी काढून तिला स्वतःचा छोटा ब्रेकर आणि ईएलसीबी द्या म्हणजे न्हाणीघरातल्या ओल्या बोर्डापायी कॅमेरा मरणार नाही. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, जाल तेव्हा दोन बादल्या पाणी घाला.

नुसती_शंका

सोलरवाल्याबद्दल माझा अनुभव, आमचं गाव देवरुखच्या पुढे. एप्रिल-मे मध्ये राजा माणूस, जुलैत तीनचार दिवस धुकं आणि पाऊस लागला की बॅटरी ९० वरून १५ वर. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून आणि माडाच्या सावलीतून बाहेर हवं, आमच्या मिस्त्रीने शोभेसाठी दारावरच ठोकलं होतं, उत्तरेला. आता लाईट असताना अडाप्टरवर चालतो आणि लाईट गेली की बॅटरी, तेव्हापासून बरं आहे.

दुसरं म्हणजे हे बॅटरीवाले कॅमेरे झोपलेले असतात, समोर हालचाल झाली की जागे होतात आणि त्यात एकदोन सेकंद जातात. माणूस झपझप गेला तर क्लिपमध्ये फक्त पाठ. म्हणून दारावर नको, दारापर्यंत येणाऱ्या वाटेवर रोखा.

आणि कोळी!! रात्री कॅमेऱ्याच्या त्या लाल दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, जाळं विणतो, ते वाऱ्याने हललं की अलर्ट. पहिल्या रात्री मला दीडशे अलर्ट आले, बायको म्हणाली एक तर तो फोन बंद कर नाहीतर तू ओटीवर जाऊन झोप (ओटी गावाला, आम्ही कांदिवलीला). फक्त माणूस दिसला तरच अलर्ट असं सेटिंग असतं ते असलेलाच घ्या, पण कोणीतरी महिन्यातून एकदा केरसुणी फिरवायला लागतेच.

पुणे_ते_पर्थ

आमचा कोथरूडला फ्लॅट बंद असतो, तुमच्याइतका त्रास नाही कारण खाली वॉचमन आहे, म्हणजे असतो असं समजतो. मी दारावर कॅमेरा आणि आत मॅग्नेटचा सेन्सर लावलाय. पर्थला मी ऑफिसात असताना अलर्ट आला, दार उघडलं, पोटात गोळा. मेहुण्याला पळवलं तर तोच दारात उभा, गॅसचं कार्ड घ्यायला आला होता, सांगायला विसरला. तात्पर्य काही नाही, किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगून ठेवा.

आणि गावाला निघताना एक्सप्रेसवेवरून स्टेटस टाकू नका, परत आल्यावर टाका हवे तेवढे फोटो.

मालवणी_खाजा

कॅमेरो लावा नाय लावा, चोराक कॅमेरो काय करतलो? तोंडाक फडको बांधून येता नी जाता. कुडाळात आमच्या शेजारी तीन कॅमेरे होते, फोटो एकदम क्लिअर, टोपीचा.

आधी घर नीट बंद करा भावा. तुमचं कुलूप तुटलं नाही ना, कोयंडा उचकटला. मग महागाचं कुलूप घेऊन काय करणार. कोयंडा स्क्रूवर असतो, स्क्रू जुन्या लाकडातून पहारीच्या एका हिसक्यात येतात. तो काढून आरपार नटबोल्टचा लावा, आतून पट्टी आणि नट. मागच्या दाराला तर बाहेरून कुलूपच नको, आतून आडणा (दारामागचा आडवा लाकडी दांडा) घाला आणि सगळे पुढच्या दाराने बाहेर पडा. आजोबा करायचे तेच, आपण आडणा काढून लाकडाच्या वखारीत टाकला आणि दुकानातून बोटभर कडी आणली.

आणि कौलं. चार कौलं सरकवली की माणूस माजघरात उतरतो, आवाजसुद्धा नाही. वाशांच्या खालून वेल्डमेशची जाळी मारून घ्या निदान देवघर आणि माजघरावर. माकडांचापण बंदोबस्त होतो थोडा. पंप जाताना काढून आत ठेवा, फूटव्हॉल्व्ह राहू दे विहिरीत. भांडी ठाण्याला न्या, घंगाळ काय गावालाच चमकतं असं नाही.

ओटीवरचा_झोपाळा

सगळ्यांचे आभार, खरं सांगायचं तर मेन आम्ही पाडतोच, आईच पाडते 🙂 आडणा माळ्यावर आहे अजून, वाळवी लागलीय का बघतो.

एक विचारायचं राहिलं, तो अलार्म कसा आहे? दार उघडलं की भोंगा वाजतो आणि आपल्याला फोन येतो तो. दुकानदार म्हणाला कोणतंही सिम चालेल.

वायरवाला_चिपळूण

कोणतंही चालत नाही, तिथेच फसतात लोक. अलार्मची स्वस्तातली बरीच पॅनल २जी वर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्याचं सिम टाकलंत तर ते पॅनल गप्प बसणार. तुमच्या ओटीवर ज्या कंपनीची रेंज आहे ती कोणती ते आधी बघा आणि ४जी लिहिलेलंच पॅनल घ्या. रिचार्ज ३६५ दिवसांचा मारा, २८ दिवसवाला कोणाच्या लक्षात राहतो, आणि बरोबर ज्या आठवड्यात संपलेला असतो त्याच आठवड्यात काहीतरी होतं.

सेन्सर दोन प्रकारचे. दाराचा मॅग्नेटवाला, तो चांगला, पण पावसात तुमची फणसाची दारं फुगतात, फट बदलते आणि सेन्सरला वाटतं दार उघडलं. थोडं अंतर ठेवून बसवा आणि ऑगस्टात एकदा तपासा. दुसरा हालचालीचा, तो अंगातली उष्णता हलताना ओळखतो, त्यामुळे त्याच्या काचेवरून पाल गेली तरी बोंब मारतो, आणि उलट मे महिन्यात दुपारी खोलीच तापून माणसाच्या अंगाइतकी झाली की त्याला माणूस नीट कळत नाही. तो माजघरात लावा, कौलातून उतरणारा तिथेच उतरणार.

भोंग्याला माझी शिफारस आहे. कॅमेरा चोर गेल्यावर दाखवतो, भोंगा त्याला घाई करतो. पण वाडीतल्या चार घरांना सांगून ठेवा की वाजला तर काय करायचं, एकट्याने कोणी जाऊ नये, दिवे लावून दोघातिघांनी आवाज द्यायचा आणि ११२ ला फोन. तुम्ही ठाण्यात मोबाईलवर चोर बघून ओरडून काय होणार, पोचायला सात तास.

बिनपगारी_वकील

दोनतीन गोष्टी माझ्या. तक्रार केलीत का? आईला वाटत असेल हंड्यासाठी कुठे पोलीस, पण करा. घरातली चोरी नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०५, घरफोडीची शिक्षा ३३१, जुन्या आयपीसीच्या ३८० आणि ४५४-४५७ च्या जागी १ जुलै २०२४ पासून. ठाण्यातल्या पोलीस स्टेशनलाही झीरो एफआयआर देता येतो, हद्दीचं कारण सांगता येत नाही, ऑनलाईन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. भांड्यांचे फोटो लागतात, कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये तुमचं घंगाळ असेलच, शोधा. हंड्यांवर आजीचं नाव कोरलेलं असेल तर तेही लिहून द्या.

विमा: घराची जी साधी भारत गृह रक्षा पॉलिसी आहे (२०२१ पासूनची) ती मुळात आग, पूर, वादळ, भूकंप वगैरेची. त्यात चोरी धरतात ती अशा घटनेनंतर ७ दिवसांतली. नुसती घरफोडी हवी तर वेगळं कव्हर घ्यावं लागतं आणि त्यात घर सलग किती दिवस बंद चालेल ही अट वाचा, तुमचं दहा महिने बंद असतं.

कॅमेरा घेताना २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने सुरक्षेची चाचणी सक्तीची केलीय, दुकानदाराला एसटीक्यूसीचं (ही चाचणी करणारी सरकारी यंत्रणा) सर्टिफिकेट विचारा. जुना साठा स्वस्तात गळ्यात मारतात. आणि पासवर्ड बदला, मिस्त्रीने ठेवलेला ठेवू नका (चिपळूणकर, राग मानू नका).

शेवटचं आणि कोकणात सगळ्यात महत्त्वाचं, भावकी. घर सामाईक आहे का? चुलत्यांच्या अंगणात कॅमेऱ्याचं तोंड गेलं की कॅमेऱ्यापेक्षा महाग पडेल. दोन भावांच्या सामाईक घरातल्या कॅमेऱ्यांवरून कलकत्ता हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय की राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीशिवाय नाही चालणार. ॲपमध्ये तेवढा भाग काळा करता येतो, करून चुलत्यांना दाखवा.

वायरवाला_चिपळूण

राग कसला, मीच १२३४५६ ठेवतो आणि बदला सांगतो, कोणी बदलत नाही.

ओटीवरचा_झोपाळा

अपडेट देतो, दीड महिना झाला. कोयंडे आरपार बोल्टचे केले, मागे आडणा घातला (वाळवी नव्हती, शिसवी आहे), माजघरावर जाळी, भोंगा, आणि कॅमेरा शेवटी एकच, पडवीतून अंगण आणि गोठ्याकडून येणारी वाट दिसेल असा. मागे रेंज नव्हती. सगळं मिळून एकवीस हजार, त्यातले नऊ सुताराला आणि जाळीला. तक्रार दिली, समई सापडली नाही. चुलत्यांना काळा केलेला भाग दाखवला तर म्हणाले आमचा गोठापण घे की त्यात, वासरं सुटतात.

पहिले आठ दिवस कोळी, मांजर, एकदा वानरांची टोळी. आता माणूस दिसला तरच वाजतो. काकूंना किल्ली दिलीय आणि त्या रोज संध्याकाळी आमच्या तुळशीपाशी दिवा लावून जातात, आम्ही सांगितलं नव्हतं. सात-सव्वासातला अलर्ट येतो, आई फोन हातात घेऊनच बसलेली असते. परवा साडेसात झाले तरी आला नाही तर मला ऑफिसातून बाहेर काढून काकूंना फोन करायला लावला. गुडघा दुखत होता म्हणाल्या, उद्या लावते.