रॅम्पवरची स्कूटर

ए-302 काकू: काल साडेआठला पुन्हा तेच. बेसमेंटच्या रॅम्पवर तिघं एका स्कूटरवर, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही, चौथा मोबाइलवर शूटिंग करतोय. माझ्या नातीच्या सायकलला हँडल लागता लागता राहिलं. मुलं कोणाची ते सगळ्यांना माहीत आहे, नावं घेत नाही.

सी-104: नावं न घेता सगळं सांगितलंतच की. काकू, सरळ मला फोन करायचा.

डी-501: रॅम्पवर स्पीडब्रेकर. मार्चच्या मीटिंगमध्ये विषय मांडला होता 🙏

बी-203 काका: आईबापांचा धाकच उरला नाही. आमच्या वेळी एक कानाखाली बसली की विषय संपायचा.

ए-101: काका, विहिरीत उड्या मारल्याचे किस्से दर गणपतीत तुम्हीच सांगता 😄

बी-203 काका: विहिरीची गोष्ट वेगळी.

बी-402 डॉक्टर वहिनी: वेगळी नाही काका. वरून बघणारी पोरं होती ना? धोका या मुलांना कळतो, विचारलं तर सगळं नीट सांगतील. पण या वयात मेंदूतला मजेमागे धावणारा भाग जोरात असतो आणि आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. 2005 मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी कॉम्प्युटरवर गाडी चालवायला देऊन पाहिलं. मित्र शेजारी असले की मुलं जास्त धोका घेत; चोविशीपुढच्यांवर मित्रांचा तेवढा परिणाम नव्हता. 104 चा मुलगा एकटा असला की वळणावर हॉर्न देऊन हळू येतो, मी रोज बघते. समोर मोबाइल धरून कोणी उभं राहिलं की तोच मुलगा हँडल सोडतो.

डी-501: म्हणूनच स्पीडब्रेकर.

बी-203 काका: मेंदूवर ढकललं की झालं!

बी-402 डॉक्टर वहिनी: ढकलत नाही. मुलाचा मेंदू आज बदलता येणार नाही, स्कूटरची चावी आज काढून घेता येते. ती मोठ्यांच्या हातात आहे.

सी-104: आमची इलेक्ट्रिक आहे, लायसन्स लागत नाही.

सेक्रेटरी: 250 वॅट आणि ताशी 25 किमीच्या आतली असली तरच. तुमच्या गाडीला नंबरप्लेट आहे साहेब. मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ वाचा, अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर: पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन 12 महिने रद्द, मुलाला 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. मे 2024 चा पुण्यातला कल्याणीनगरचा अपघात आठवा. चालवणारा 17 वर्षांचा, जीव दोघांचे गेले.

सी-104: आणि क्लासला कोण सोडणार? मी आठला घरी येतो, हिची सेकंड शिफ्ट. सल्ले द्यायला सगळे आहेत.

ए-302 काकू: आमच्या मुली पीएमपीच्या बसनंच जायच्या.

सी-104: काकू, प्लीज.

डी-501: स्पीडब्रेकरचं कोटेशन पुन्हा टाकतो 👇

ए-101: दादा, मंगळवार-शुक्रवार मी त्याच बाजूला जातो. सहाला गेटवर पाठवा.

सी-104: बरं. बाकीच्या दिवशी रिक्षा लावतो. चावी आता माझ्याकडे आहे. घरात अबोला सुरू झालाय.

बी-402 डॉक्टर वहिनी: मित्रांसमोर बोलू नका त्याला. संध्याकाळी वर पाठवा, मी बोलते.