जखम भरली, काळा डाग राहिला: तुमचे अनुभव सांगा

शहापूरकर:
काल भाची पोटरी दाखवायला आली. दिवाळीत गाडीचा सायलेन्सर लागलेला. जखम कधीच भरली, पण तेवढी जागा काळी राहिली. पुढच्या महिन्यात लग्न. "आत्या, हे जातंय काय गं?" म्हणून रडायलाच लागली.

मला माझीच पोटरी आठवली. 1994 साली सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना काकांच्या राजदूत मोटारसायकलचा चटका बसला. वाटेत कुणीतरी टूथपेस्ट फासली. खपली पडल्यावर आईनं रोज डाळीचं पीठ आणि वजरीनं घासलं, मळ आहे, निघेल म्हणून. आईची माया, पण डाग अजून काळा झाला. दोन वर्षं मी शाळेत मोजे गुडघ्यापर्यंत ओढून बसायची.

पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. चटका, पुरळ, खाज, काहीही असो, कातडीला दाह झाला की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन सोडतात. जखम बरी होते, रंग मागे राहतो. घासलं की पुन्हा दाह, पुन्हा रंग. घासणं बंद केलं, पाय उन्हात झाकला, वर्ष-दीड वर्षात फिका झाला. तुमचं सांगा की.

खानापूर_जांबोटी:
आमच्याकडं काजू! लहानपणी ओली काजूबी दातानं फोडली, तेल ओठाला लागलं. ओठ भाजून सोलला, नंतर कडेनं काळी रेघ सहा-सात महिने होती. बिब्ब्याचं पण तसंच. टाचेला बिब्बा लावणाऱ्या बायांचे डाग बघितलेत मी.

निपाणी_आक्का:
माझी गोष्ट वेगळी. मांडीला नायटा. औषधाच्या दुकानातनं चार औषधं एकत्र असलेली ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, वाटलं जिंकलं. सोडली की दुप्पट. सहा महिने असंच. शेवटी पोटापर्यंत पसरला, वर काळे चट्टे, कातडी पातळ. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, खाज दाबणारं पण नायटा वाढवणारं. आधी नायट्याचं औषध पूर्ण केलं, डागाचं नंतर बघितलं. पोरींनो, ऐका माझं, चिठ्ठीशिवाय ट्यूब आणू नका.

हिंडलगा_सिस्टर:
आक्का, अगदी बरोबर बोललात. 2018 पासून असली बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी मिळतात, त्याचं वाईट वाटतं.
शहापूरकर, भाचीला सांगा, तपकिरी डाग वरच्या थरात असतो, तो महिन्यांत फिका होतो. निळसर-राखाडी दिसला तर रंग खोल गेलाय, वर्षं लागतात. आपल्या सावळ्या कातडीवर हे जास्तच उठून दिसतं, तिची काही चूक नाही.

येळ्ळूरचा_पोरगा:
लिंबू चोळलं तर? आमची वैनी रोज चोळते.

हिंडलगा_सिस्टर:
थांबवा त्यांना आजच. लिंबाचा रस लागून ऊन बसलं की कातडी भाजते.

चिकोडीकर:
खरं आहे हे. आमचा मेहुणा एप्रिलच्या जत्रेत सरबताचा गाडा लावायचा. दिवसभर लिंबं पिळून हातावर रस ओघळलेला. आठवड्यात मनगटापर्यंत काळ्या रेघा, कुणी म्हणालं करणी. लिंबूच होतं. पुढच्या वर्षी हात धुवून पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, काही झालं नाही.

खानापूर_जांबोटी:
जत्रेवरनं आठवलं, यंदा कणकुंबीच्या माऊली देवीच्या जत्रेला कोण येतंय?

वडगाव_माग:
मी येतो. गाडीत दोन जागा आहेत.

गोकाक_वैनी:
मला सातवा महिना, गालावर मुरुमांचे डाग. काही लावू की नको?

हिंडलगा_सिस्टर:
वैनी, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन ही डागांवरची मलमं आता नको. अझेलिक ॲसिडचं मलम गरोदरपणात चालतं, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून. आणि सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा जास्त, दर दोन तासांनी. फिकट तपकिरी रंगाचं मिळालं तर उत्तम. त्यात आयर्न ऑक्साइड असतं, ते दिसणारा उजेडही अडवतं. मुरूम फोडू नका.

वडगाव_माग:
भातलावणीला चिखलात दर दोन तासांनी क्रीम कुठनं लावायचं, सिस्टर?

हिंडलगा_सिस्टर:
मग जुन्या साडीची बाही, डोक्याला पदर किंवा टोपी. कापड घामानं वाहून जात नाही.

येळ्ळूरचा_पोरगा:
आमच्या वैनीला वाचून दाखवलं. लिंबू ताटात परत गेलं.

शहापूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला इथलं सगळं दाखवलं. लग्नापर्यंत जाणार नाही हे तिला कळलंय, घासणं मात्र थांबलं. परवा डॉक्टरांकडे नेते. आक्का, तुमचा नायटा आता पूर्ण बरा आहे ना?

निपाणी_आक्का:
बरा आहे गं. डाग अर्धा उरलाय. लग्न कुठल्या हॉलात?