‘हॅश काढला’ की ‘फाइल कूटबद्ध केली’?

जुळे सोलापूर: भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) खालच्या, डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात फुटेजची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलच्या बाइटवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची ओळखखूण, भरावी लागते. सोलापूर कोर्टातल्या कामासाठी ती काढणारी, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट तयार आहे. सोबतच्या मराठी टिपेत ‘फाइल कूटबद्ध केली’ लिहिलं तर चालेल का?

होटगी रोड: नको. कूटबद्ध केलेलं किल्लीने उलगडता येतं. हॅशवरून फाइल परत मिळत नाही. फुटेज चार जीबीचं असो की चार ओळींचा अर्ज, एसएचए-256 या हॅश काढायच्या पद्धतीचं (अल्गोरिदमचं) उत्तर 32 बाइटचंच येतं, हेक्समध्ये 64 अक्षरं. बोलताना सगळे ‘हॅश काढला’ म्हणतात, तेच लिहा: ‘फाइलचा एसएचए-256 हॅश काढला.’ अल्गोरिदमचं नाव गाळू नका. प्रमाणपत्रात एमडी5 आणि एसएचए-1 चे पर्यायही छापलेत, पण एकच हॅश येणारे दोन वेगळे मजकूर एमडी5 साठी 2004 मध्ये आणि एसएचए-1 साठी 2017 मध्ये तयार करून दाखवले गेलेत. 256 वरच खूण करा.

जुळे सोलापूर: मग ‘चेकसम’?

होटगी रोड: फार सैल शब्द. सीआरसी-32 या साध्या तपासणी-आकड्यालाही चेकसमच म्हणतात, आणि ते कॉपी करताना झालेला बिघाड पकडतं, मुद्दाम केलेला फेरफार नाही.

अशोक चौक: स्क्रिप्टचं सांगतो. फाइल ‘आरबी’ (rb, बाइट जशेच्या तसे वाचणाऱ्या) मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये वाचलेली स्ट्रिंग (मजकूर) हॅशलिबला, म्हणजे पायथनच्या हॅश काढणाऱ्या लायब्ररीला दिली की टाइपएरर (चुकीच्या प्रकारचा डेटा दिल्याची चूक) येतो; मग लोक एनकोड करून, म्हणजे त्या मजकुराचे परत बाइट करून वेळ मारून नेतात, पण तोवर विंडोजच्या ओळींचे शेवट बदललेले असतात आणि हॅश जुळत नाही. पायथन 3.11 पासून हॅशलिबमध्ये फाइल_डायजेस्ट हे फंक्शन आहे, ते तुकड्यातुकड्याने वाचतं, मोठं फुटेज मेमरीत कोंबत नाही. पायथनचं नुसतं हॅश() इथे अजिबात नको. स्ट्रिंगसाठी त्याचा आकडा प्रोग्रॅम पुन्हा चालवला की बदलतो. शेवटी आलेला हॅश विंडोजच्या सर्टयूटिल या कमांडने ताडून बघा.

आणि मजकूर पुन्हा टाइप करून हॅश काढू नका. ‘व्यापाऱ्याचे’ मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ अधिक हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर फरक दिसत नाही, बाइट मात्र वेगळे, म्हणून हॅशही पूर्ण वेगळा. एनएफसी नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करायची पद्धत) या दोन रूपांना एक करत नाही. मिळालेल्या फाइलचाच हॅश काढा, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे द्यायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून द्या. फोटो म्हणून पाठवली की आकसून जाते.